मिलिमीटरमीमांसा

विषयप्रवेश

जगात मोजण्यासारख्या मोठ्या गोष्टी पुष्कळ आहेत. पर्वतांची उंची आहे, धरणांतला साठा आहे, सरकारची तूट आहे. त्यांच्यासाठी स्वतंत्र खाती आहेत, खात्यांना सचिव आहेत आणि सचिवांना गाड्या आहेत. प्रस्तुत प्रबंधाचा विषय त्या मानाने अगदीच किरकोळ. मागच्या दाढा एकमेकींवर टेकल्या असता वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या किती पुढे असावेत, एवढाच प्रश्न आहे. उत्तर आहे, दोन ते तीन मिलिमीटर. वास्तविक प्रबंध इथेच संपायला हरकत नव्हती. पण आपल्या देशात बीडीएस झाल्यावर या मिलिमीटरांसाठी आणखी तीन वर्षे एमडीएस करावे लागते. ज्या विषयात तीन वर्षे विद्यार्थी राबतात तो एका वाक्यात उरकणे म्हणजे गुरुजनांचा अपमान.

या पुढे-मागे अंतराला शास्त्रात ओव्हरजेट म्हणतात. वरचे दात खालच्या दातांना उभ्या दिशेने किती झाकतात, तो ओव्हरबाइट. दोन्ही मोजायला एक लहान पट्टी, थोडा उजेड आणि न हलणारे मूल लागते. पहिल्या दोन गोष्टी बाजारात मिळतात.

देशी संप्रदाय

ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे वेडेवाकडे दात ओळीत आणण्याचे शास्त्र, जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रात दातांची मोजणी चालू आहे. या संप्रदायाला उपकरण लागत नाही. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, ‘काय करतेस गं सध्या?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला तिने तोंड उघडले, की मोजणी पुरी झाली. निकाल परतीच्या रिक्षात आत्याबाई जाहीर करतात: ‘मुलगी छान आहे हो, पण दात जरा पुढे आहेत.’

‘जरा’ हे या संप्रदायाचे मूळ एकक. त्याच्या वर ‘चांगलेच’, आणि श्रेणीच्या टोकाला शब्दच नाही, फक्त जीभ टाळूला लावून काढलेला एक आवाज. एकक मोठे लवचीक आहे. तेच दात स्वतःच्या नातीच्या तोंडात असले तर ‘वाढत्या अंगाबरोबर बसतील जागेवर’. होणाऱ्या सुनेच्या तोंडात असले तर ‘जरा पुढे’. आणि वाटणीवरून जिच्याशी बोलणे बंद आहे त्या जावेच्या मुलीच्या तोंडात असले तर अंतर बघता बघता दुप्पट होते. मिलिमीटर तेवढेच राहतात, बदलते ते मोजणाऱ्याचे नाते. दंतमापनाचा पाश्चात्त्य खटाटोप या नात्याला मोजणीतून हद्दपार करण्यासाठी आहे, असे आमचे मत आहे. तो कितपत साधला, हे पुढील प्रकरणांत पाहू.

वर्गवादी संप्रदाय

या शास्त्राचे आद्य आचार्य अमेरिकेचे एडवर्ड हार्टली अँगल (१८५५–१९३०). दातांच्या समस्त बेशिस्तीचे त्यांनी १८९९ साली तीन वर्ग पाडले आणि वर्ग ठरवण्याचा अधिकार एकाच दाढेला दिला. मधल्या रेषेपासून मोजत गेले की सहावी येणारी ही पहिली कायमची दाढ. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास ती दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते. कोणाची जागा घेत नाही, म्हणून पुष्कळ आयांना ती दुधाचीच वाटते, आणि किडली तर ‘पडणारच आहे’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. इतके मोठे पद आणि इतकी उपेक्षा, असा योग दुसऱ्या कोणत्या दाताच्या वाट्याला आलेला नाही.

वरच्या दाढेचा गालाकडचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत नीट बसला तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा, पुढे सरकली तर तिसरा. दुसऱ्या वर्गाचे आणखी दोन पोटविभाग आहेत: एकात वरचे पटाशीचे दात बाहेर झुकलेले असतात, दुसऱ्यात आत वळलेले. भारतीय रेल्वेने तिसरा वर्ग १९७४ साली बंद केला, अँगलसाहेबांचा अजून चालू आहे. नवशिक्यांचा घोटाळा पहिल्या वर्गात होतो. दाढ जागेवर, पण पुढचे दात एकमेकांच्या खांद्यावर चढलेले, असे तोंडही पहिल्याच वर्गात मोडते. पहिल्या वर्गातही गर्दी असू शकते, हे मुंबईकराला शिकवावे लागत नाही.

या पद्धतीवर आक्षेप असा की दाढच जागची हलली तर काय? दुधाची दाढ वेळेआधी काढली तर मागची कायमची दाढ रिकाम्या जागेत पुढे सरकते आणि जबडे जिथल्या तिथे असताना वर्ग बदलतो. आचार्यांचा आपल्या दाढेवर मात्र पूर्ण विश्वास होता.

जागेचा तंटा

आचार्यांचा दुसरा सिद्धांत असा की निसर्गाने दिलेले बत्तीसही दात तोंडात राहिले पाहिजेत. जागा नसेल तर कमान रुंद करा, दात काढू नका. सुंदर चेहऱ्याचा नमुना म्हणून त्यांनी व्हॅटिकनमधला अपोलो बेल्व्हेडेर हा पुतळा पुढे केला. मूर्ती देखणी आहे, यात शंका नाही. तिच्या दाढा मोजण्याची सोय मात्र शिल्पकाराने ठेवलेली नाही.

१९११ साली कॅल्विन केस यांनी भर सभेत मांडले की काही तोंडांत दात काढल्यावाचून गत्यंतर नसते. त्यांच्याविरुद्ध अँगलचे शिष्य मार्टिन ड्यूई उभे राहिले. भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्या वाचकाला या वादाचे स्वरूप लगेच कळेल. जागा तेवढीच, हिस्सेदार जास्त, आणि एक पक्ष म्हणतो वाडा वाढवा, दुसरा म्हणतो कोणीतरी बाहेर पडा. त्या वेळी सभेचा कल शिष्याकडे राहिला. पुढे अँगलचेच दुसरे शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपण बत्तीस दात राखून सरळ केलेले चेहरे पुढे आल्यासारखे दिसू लागले. त्यांनी तेच रुग्ण परत बोलावले, प्रत्येकाच्या चार उपदाढा काढल्या आणि पुन्हा उपचार केले. शंभर रुग्णांचे आधीचे आणि नंतरचे पुरावे १९४० साली त्यांनी समव्यावसायिकांपुढे मांडले. गुरूचे मत खोडण्यासाठी एवढे कष्ट घेणारा शिष्य विरळा. तोपर्यंत गुरू निवर्तून दहा वर्षे झाली होती, एवढाच काय तो आडोसा.

बेरीजवादी संप्रदाय

एखाद्याचे दात काढायचे की नाही, हे आवाज चढवून ठरत नाही म्हटल्यावर मंडळी बेरजेकडे वळली. त्यासाठी आधी तोंडाचा साचा लागतो. या क्षणाचे वर्णन शास्त्रीय ग्रंथांत त्रोटक असते, म्हणून ते इथे सविस्तर देत आहोत.

रबराच्या वाडग्यात गुलाबी भुकटी आणि पाणी घालून मदतनीस ताई ते पातीने वाडग्याच्या कडेला चेपत भराभर घोटतात. ही भुकटी समुद्रशेवाळापासून काढलेल्या आल्जिनेटची. चमच्यासारख्या भोकाभोकांच्या ट्रेमध्ये तो लगदा भरून डॉक्टर तो तोंडात दाबतात. लगदा घशाकडे सरकतो. मुलाचे डोळे मोठे होतात. ‘नाकाने श्वास घे, बाळा. पायाचा अंगठा हलव बघू,’ असे डॉक्टर म्हणतात, कारण अंगठ्याकडे लक्ष गेले की उलटीची उबळ मागे राहते. दोनेक मिनिटांत लगदा रबरासारखा होतो आणि फट्‌ आवाज करून बाहेर येतो. त्यात लगोलग दंतप्लास्टर ओतावे लागते. साचा उघडा पडून राहिला तर त्यातले पाणी जाऊन तो आकसतो आणि त्याच्याबरोबर रुग्णाचे दातही कागदोपत्री आकसतात. एवढे होऊन तयार झालेल्या पांढऱ्या बत्तिशीवर मग डिजिटल कॅलिपर लावून मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचला जातो.

गणित पुढीलप्रमाणे. फ्रान्सच्या पाँ यांनी १९०९ साली सांगितले की वरच्या चार पटाशीच्या दातांच्या रुंदीची बेरीज घ्या, शंभराने गुणा आणि ८० ने भागा, म्हणजे उपदाढांपाशी कमान किती रुंद हवी ते निघते. ८० ऐवजी ६४ ने भागले की दाढांपाशी किती हवी ते कळते. बेरीज ३२ आली तर उत्तरे ४० आणि ५०. आकडे इतके सुबक येतात की तोंडाने ते मानले नाहीत तर दोष तोंडाचाच वाटतो.

वेन बोल्टन यांनी १९५८ साली वरच्या आणि खालच्या ओळीचा हिशेब जुळवला. वरची कमान म्हणजे झाकण आणि खालची म्हणजे डबा. झाकण किंचित मोठे असले तरच ते बसते. बोल्टन यांच्या मते खालच्या बारा दातांची बेरीज वरच्या बारांच्या ९१.३ टक्के असावी आणि पुढच्या सहा-सहांपुरती ७७.२ टक्के. डबा मोठा निघाला तर दातांच्या कडा अंशाअंशाने घासून कमी करतात. या पद्धतीत ‘जरा’ला जागा नाही. दशांश चिन्हापुढे कोणाचीही आत्या बोलत नाही.

याच संप्रदायाची एक शाखा अजून न उगवलेले दात मोजते. १९७४ साली टनाका आणि जॉन्स्टन यांनी दिलेल्या सूत्रानुसार खालच्या चार पटाशीच्या दातांच्या बेरजेचे अर्धे करावे आणि त्यात १०.५ मिळवावे. हिरडीखाली दडलेला खालचा सुळा आणि दोन उपदाढा मिळून एका बाजूला किती जागा मागणार, ते कळते. वरच्या बाजूसाठी ११ मिळवावे. बेरीज २३ असेल तर खाली २२, वर २२.५. भविष्यकथन असूनही यात दक्षिणा नंतर द्यावी लागते आणि उत्तर चुकल्यास ग्रहांचे नाव घेता येत नाही.

रेषावादी संप्रदाय

दात हे जबड्यावर बसतात आणि जबडा कवटीवर, तेव्हा मूळ दोष कुठे आहे हे दात पाहून कसे कळणार, असा प्रश्न चौथ्या संप्रदायाने विचारला. १९३१ साली अमेरिकेत क्लीव्हलँडचे हॉली ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे डोके ठरावीक जागी धरून बाजूने एक्स-रे काढण्याची रीत बसवली. कानांत दोन दांड्या घालून डोके पक्के करतात, म्हणजे रुग्णाला प्रश्न विचारता येत नाहीत.

डोके कसे धरायचे, याचा निर्णय त्याआधीच झाला होता. १८८२ साली जर्मन मानववंशशास्त्रज्ञांनी फ्रँकफुर्टमध्ये ठरवले होते की कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या पातळीत ठेवायची. ठराव कवट्यांसाठी होता, म्हणून कोणी उपसूचना मांडली नाही.

एक्स-रेवर पारदर्शक कागद ठेवून बारीक पेन्सिलीने बिंदू टिपतात. एस हा मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीच्या खळग्यात. एन हा नाक कपाळाला मिळते तिथे. ए वरच्या जबड्याच्या पुढच्या खोलगट भागात आणि बी खालच्या. सेसिल स्टाइनर यांच्या १९५३ च्या पद्धतीत एस-एन-ए हा कोन ८२ अंश असावा आणि एस-एन-बी ८०. वजाबाकी येते दोन. या दोन अंशांवर माणसाचा खालचा जबडा मागे आहे की पुढे, हे ठरते. पेन्सिलीचे टोक बोथट असेल तर माणूस एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाऊ शकतो. एन हा बिंदूच कोणाकोणात पुढे-मागे असतो, हे लक्षात आल्यावर जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातून १९७५ साली त्याला वगळून मोजण्याची पद्धत निघाली. विद्यापीठाचे नाव उच्चारताना शास्त्रज्ञांचेही दात अडकत असावेत, कारण पद्धत ‘विट्स’ एवढ्याच नावाने प्रसिद्ध आहे.

गुणांकवादी संप्रदाय

खर्च सरकार करणार म्हटले की पाचवा संप्रदाय जन्मतो. ब्रिटनमध्ये ब्रूक आणि शॉ यांनी १९८९ साली उपचाराची गरज पाच श्रेणींत बसवली. ओव्हरजेट नऊ मिलिमीटरच्या वर गेला तर पाचवी श्रेणी, सहाच्या वर आणि नऊपर्यंत चौथी. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत अठरा वर्षांखालच्या मुलांना चौथ्या-पाचव्या श्रेणीत फुकट तारा लागतात. साडेतीन ते सहा मिलिमीटरच्या पट्ट्यात मात्र गंमत आहे. ओठ सहज मिटत असतील तर श्रेणी दुसरी, मिटायला ताण द्यावा लागत असेल तर तिसरी. तिसऱ्या श्रेणीतल्या मुलाला मग दहा छायाचित्रांच्या मालिकेशी ताडून पाहतात. पहिले छायाचित्र सर्वांत देखण्या दातांचे, दहावे सर्वांत वेड्यावाकड्यांचे. सहावे किंवा त्यापुढचे जुळले तरच सरकार पैसे देते. सरकारी खर्चाने सुंदर व्हायचे असेल तर आधी पुरेसे कुरूप असल्याचे सिद्ध करावे लागते, हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणत्याही खात्याने मांडलेले नाही.

या कोष्टकाच्या आधारे आमचे एकक प्रमाणित करता येते. साडेतीन ते सहा म्हणजे ‘जरा’, सहा ते नऊ म्हणजे ‘चांगलेच’ आणि नऊच्या वर जिभेचा तो आवाज.

पूर्वपक्ष

इथवर वाचून कोणी म्हणेल की झाले, नाते हद्दपार झाले, आकडा राहिला. आमचा आक्षेप यापुढे सुरू होतो. आकडा कशाशी ताडायचा? बोल्टन यांचे ९१.३ आले कुठून? उत्तम चाव्याच्या ५५ तोंडांतून. ती तोंडे उत्तम, हे कोणी ठरवले? पाहणाऱ्याने. त्या ५५ पैकी ४४ तर आधीच ऑर्थोडॉन्टिक उपचार झालेली होती, म्हणजे कारागिराने आपल्याच कामावरून गज तयार केला. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी १९७२ साली आदर्श चाव्याच्या सहा किल्ल्या सांगितल्या, त्या उपचार न झालेल्या १२० नमुन्यांवरून. ते १२० निवडले डोळ्यांनीच. स्टाइनर यांचा आदर्श चेहरा हॉलिवूडच्या एका होतकरू नटीचा होता, अशी आख्यायिका या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खरीखोटी कशीही असो, ती सांगणाऱ्याला अशक्य वाटत नाही, हाच तिचा पुरावा.

म्हणजे अपोलोपासून नटीपर्यंत कोष्टकाच्या मुळाशी कोणीतरी एकदा पाहून ‘हे बरे दिसते’ म्हटलेले आहे. रिक्षातल्या आत्याबाईही तेच म्हणतात. फरक एवढाच की आत्याबाई दर खेपेला नव्याने पाहतात आणि शास्त्राने एकदा पाहून दशांशापर्यंत लिहून ठेवले. तेही बहुतांशी गोऱ्या चेहऱ्यांवरून. ओठ भरदार आणि पुढचे दात किंचित पुढे झुकलेले, असा चेहरा आपल्याकडे कोणाला खटकत नाही, पण परक्या कोष्टकात तो दोषी ठरू शकतो. भारतातल्या दंतमहाविद्यालयांनी इथल्या चेहऱ्यांची स्वतंत्र प्रमाणे काढायला घेतली, ती यासाठीच.

कालविचार

दुसरा आक्षेप काळाचा. रॉबर्ट लिटल यांनी १९७५ साली खालच्या सहा पुढच्या दातांचा विस्कळीतपणा मोजण्याची सोपी रीत दिली. शेजारच्या दातांचे जे बिंदू एकमेकांना टेकायला हवेत ते किती सरकलेत, याच्या पाच मोजण्यांची बेरीज करायची. शून्य म्हणजे ओळ सरळ, दहाच्या वर म्हणजे बाजार. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली चार उपदाढा काढून उपचार केलेल्या ६५ जणांना, दात धरून ठेवणारी साधने निघून किमान दहा वर्षे झाल्यावर, पुन्हा तपासले. सुमारे दोन-तृतीयांश जणांच्या खालच्या दातांची ओळ समाधानकारक राहिलेली नव्हती. उपचार न घेतलेल्यांच्याही खालच्या दातांची गर्दी वयाबरोबर वाढते. म्हणूनच तारा निघाल्या तरी डॉक्टर रिटेनर देतात आणि ‘किती दिवस घालायचा?’ असे विचारल्यावर नम्रपणे विषय बदलतात. आपण ज्याला दातांचे माप म्हणतो ते त्या दिवसाचे माप असते.

सिद्धांत

सर्व संप्रदायांचा विचार करता असे ठरते की कॅलिपरचा खरा गुण त्याची सूक्ष्मता हा नाही. शंभरावा भाग कोणाच्याही हसण्यात दिसत नाही, आणि साचा आकसला तर तोही खोटा. कॅलिपरला तोंड कोणाचे आहे ते कळत नाही, हा त्याचा गुण. प्लास्टरच्या नमुन्याला नाव-गाव, हुंडा किंवा वाटणीचा दावा नसतो. नात आणि सून यांचे सहा मिलिमीटर त्याला सहाच दिसतात. एवढ्या एका बाबतीत तो आत्याबाईंच्या पुढे आहे आणि म्हणून तो घरोघरी नसला तरी दवाखान्यात असणे इष्ट. कोष्टकाचे तसे नाही. ते कोणाच्या तरी आवडीतून उतरलेले असते, म्हणून ते वाचताना आवड कोणाची होती, हेही विचारावे.

या सिद्धांतानुसार पुढील शिफारशी करतो. एक: मोजणाऱ्याने निष्कर्ष लिहीपर्यंत रुग्णाचे आडनाव वाचू नये. दोन: मुलगी पाहायला जाताना कॅलिपर नेऊ नये, कारण मग तिकडची मंडळीही आपापले आणतील आणि नवऱ्यामुलाचीही मोजणी होईल. तीन: ‘जरा’ची वर दिलेली प्रमाणित किंमत सर्व दंतमहाविद्यालयांनी आणि वधूवर सूचक मंडळांनी तातडीने मान्य करावी. चार: ती स्वतःच्या मुलानातवंडांना लागू करण्याचा प्रयत्न करू नये. असा प्रयत्न आम्ही एका आजीबाईंपुढे करून पाहिला. त्यांनी नातीच्या सात मिलिमीटरांचा आकडा शांतपणे ऐकून घेतला आणि पट्टी कुठल्या दुकानातून आणली, असे विचारले.